माणिकमामांची यंत्रखरेदी

माझे सासरे माणिकमामा कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी तिचे दात बघतात. मिक्सर असो की छत्री, ते ती उघडतात, आत डोकावतात, एक बोट फिरवतात आणि मागे सरून सांगतात, "चार दाती हाय. चालंल." छत्रीला चार दात कुठे असतात, हे लग्नानंतर मी एकदोनदा विचारून पाहिलं. मग सोडून दिलं.

मामांचं गाव लोहा तालुक्यात. उभा जन्म त्यांनी बैलबाजारात दलाली केली. आता बैल कमी झाले, पण दातांवरून वय आणि चालीवरून खोड पारखायची नजर शिल्लक राहिली. ती मग जे समोर येईल त्यावर पडते. लग्न ठरवायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी मला अंगणात उगाच दोन चकरा मारायला लावल्या होत्या. माझी बायको वर्षा ते आठवून पुढे कितीदा तरी म्हणायची, "चाल पास झाली म्हणून मी मिळाले तुम्हाला."

वर्षा गेल्या वर्षी गेली. आजारपणात तिने एक काम मात्र नेटाने केलं. आमच्या रेवाला झोपवताना ती मनाने रचून गोष्टी सांगायची, त्या साऱ्या तिने माझ्या फोनमध्ये बोलून ठेवल्या. रेवा त्या ऐकत झोपते. म्हणजे झोपू पाहते. कारण गोष्ट रंगात आली की फोन वाजतो. कुणीतरी मला प्लॉट विकू बघतं आणि वर्षाचा आवाज शब्दाच्या मधोमध तुटतो. रेवा रडत नाही. उठून बसते आणि म्हणते, "आईला मधेच थांबवायचं नसतं." एकदा मी फोन बंदच ठेवला होता, तर गावाकडे मामांना चक्कर आल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून तेवढी छाती होत नाही.

मामा आमच्याकडे असले आणि गोष्ट सुरू झाली, की ते उठतात. "म्हशीला पाणी दावून येतो," म्हणतात आणि जिना उतरतात. आम्ही लातूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे म्हैस नाही.

एकदा वर येता येता त्यांनी जाहीर केलं, "जावईबापू, पोरीला असं यंत्र पायजे, ज्येला कुणाचा फोनच येत न्हाई. वाढदिवसाला मी देणार."

मी म्हणालो, "मिळतं तसं. घरबसल्या मागवतो."

"न बघता? फोटो बघून बैल घेतला का कुणी?"

"मग लातूरच्या बाजारात बघू."

"लातुरात देवणी बैल घ्यावा. यंत्राला नांदेडच."

का, ते विचारायचं नसतं. आम्ही नांदेडला गेलो.

पहिल्या दुकानात गाणी वाजवणारी एक डबी दाखवली. मामांनी ती कानाला लावली. "ह्येच्यात आधीच कोण बसलंय?"

"भजनं भरूनच येतेत, आबा."

"म्हंजी दुसऱ्याच्या हाताचं वळण पडलंय. नको."

दुसऱ्या दुकानातल्या यंत्राला रंगीत दिवे होते. मामा दोन पावलं मागे सरले. "ह्ये मारकं हाय. डोळे बघा की."

तिसऱ्या दुकानात काडेपेटीएवढा तांबडा प्लेअर निघाला. "रंग लाल कंधारी बैलाचा हाय," मामा खुशीत म्हणाले. चार्जिंगच्या भोकात डोकावून दात पाहिले, पाठीवर थाप मारली. "कोवळं हाय. खातंय काय?"

"करंट," दुकानदार म्हणाला. "एकदा खाल्लं की दिवसभर बघायचं काम नाही."

"आन् रवंथ?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"खोड काय ते खरं सांग."

"नवा पीस हाय, आबा. खोड कशाची?"

"बिनखोडीचं जनावर म्या पाह्यलं न्हाई. जावईबापू, जरा चालवून दावा."

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. भर बाजारात मी तो वाजता प्लेअर तळहातावर घेऊन रसवंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. मामा पायरीवर उकिडवे बसून निरखत होते.

"डाव्या अंगानं वढतंय."

"तो माझा पाय आहे, मामा."

"मग बरं हाय."

भावाची वेळ आली तेव्हा मामांनी खांद्यावरचं उपरणं दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. बाजारात भाव असाच बोटांनी ठरतो, तोंडाने कुणी बोलत नाही. दुकानदार मात्र ओरडला, "आबा, सोडा की! गुदगुल्या व्हायल्यात!" सौदा कितीला पटला, ते त्या दोघांनाच माहीत.

"आता ह्येचा जोडीदार काढ," मामा म्हणाले.

"रेवा एकटीच आहे, मामा," मी म्हणालो.

"एकटं बांधलं की जनावर दावं तोडतंय. जोडीच पायजे."

एक बिघडला तर दुसरा असावा, असा विचार करून मी दुसराही पिशवीत टाकला आणि घरी आल्यावर दोन्हींत वर्षाच्या सगळ्या गोष्टी भरून ठेवल्या.

वाढदिवसाला गोष्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत गेली. "संपली!" रेवाने टाळी वाजवली आणि लगेच दुसरी लावली. मामा जिन्यावरून वर आले.

"तुटली का मधी?"

"नाही."

"मग दात बरोबर वळखलं म्या."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. बाकावर बसल्यावर त्यांनी हात पुढे केला. "जोडीतलं दुसरं द्या."

"मामा, त्यात वर्षाच्या..."

"ठाऊक हाय."

दुसरा प्लेअर माझ्या खिशातच असायचा. तो काढून मी त्याचा इअरफोन त्यांच्या कानात बसवला आणि सुरू करायचं बटण दाखवलं. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही.

"थांबतंय कुठून, ते दावा आधी."

मी खालचं बटण दाखवलं. त्यांनी त्याच्यावर अंगठा ठेवला, मग दुसऱ्या हाताच्या बोटाने वरचं दाबलं.

लोह्याची गाडी लागली. कंडक्टरने दोनदा पुकारलं. मी खांद्याला हात लावून खुणावलं, तर मामा नुसती मान हलवून खाली फरशीकडे बघत राहिले. गाडी भरली, निघाली, फाटकाबाहेर वळली. त्यांचा अंगठा खालच्या बटणावर न दाबता तसाच टेकलेला होता.