धुराड्याखालचा झब्बा

माझी आई हुसेनचाचांच्या काजूच्या भट्टीवर कामाला होती. भट्टी म्हणजे त्यांच्या घरामागचं पत्र्याचं छप्पर, त्याखाली बिया भाजायचं लोखंडी पिंप आणि जळणाला काजूचीच टरफलं. टरफलातलं तेल पेटलं की काळा, झोंबणारा धूर निघायचा आणि सगळ्या वाडीवर बसायचा. बिया फोडून आईची बोटं काळीठिक्कर झाली होती. शाळेत मुली माझ्या डब्यातली भाकरी घ्यायच्या नाहीत. तुझ्या आईचे हात तसले, म्हणायच्या. वडील लवकर गेले होते, त्यामुळे भट्टी बंद राहिली की आमची चूलही बंद.

त्याच हुसेनचाचांचा आता गावच्या कातळावर, लांज्याच्या अलीकडे, कारखाना आहे. तिथे बिया भाजत नाहीत, बॉयलरच्या वाफेवर उकडतात. आणि दर गुरुवारी सकाळी चाचा आपला पांढराशुभ्र झब्बा स्वतः धुऊन बॉयलरच्या धुराड्याशेजारी दोरीवर वाळत घालतात. वारा ज्या बाजूला धूर नेतो, बरोबर त्या बाजूला. शुक्रवारच्या नमाजाला तोच झब्बा. त्यावर काळा ठिपका पडलेला असला, तर ठिपक्यासकट मशिदीत जायचं आणि शनिवारी बॉयलर बंद. ठिपक्याचं कारण सापडेपर्यंत बायकांना पगारी सुट्टी.

पार्वतीकाकी ही कारखान्यातली सगळ्यात जुनी कामगार. एका गुरुवारी ती बाकीच्या बायकांना म्हणाली, "गो, कंबर मोडली या आठवड्यात. झब्ब्यावर शाईचा एक थेंब टाकूया काय?" चाचा मागेच उभे होते. पुढच्या गुरुवारी ते दोरीखाली खुर्ची टाकून दिवसभर झब्ब्याची राखण करत बसले.

"आधी आपल्या अंगावर" हे त्यांचं पालुपद. कारखान्यात येणारी कुठलीही नवी गोष्ट आधी मालकाच्या अंगावर आली पाहिजे. बिया फोडायची नवी मशीनं आली तेव्हा चाचा सकाळीच एका स्टुलावर बसले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बिया फोडत राहिले. सुट्टी झाली तेव्हा त्यांना उठताच येईना. दोघींनी धरून उभं केलं. फोडलेल्या बियांत अख्खा गर एक नव्हता, सगळा तुकडा. पार्वतीकाकी म्हणाली, मालक आहेत म्हणून ठेवून घेतलंय, नाहीतर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी लांज्याचा सुतार आला आणि प्रत्येक स्टुलाला पाठ लागली.

पाण्याचंही तेच. कारखान्याचं सांडपाणी वाळूच्या आणि कोळशाच्या खड्ड्यांतून गाळून जिथे जिरतं, त्याच्या खालच्या अंगाला चाचांनी विहीर खणली आणि घरात पाणी तिचंच घेऊ लागले. तपासणीला आलेल्या एका साहेबांना त्याच पाण्याचा चहा दिला. साहेबांचा चहा अर्धा झाल्यावर पाणी कुठलं ते सांगितलं. साहेबांनी कप खाली ठेवला. चाचांनी तो उचलून उरलेला चहा साहेबांच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकला. साहेब गाडीत बसेपर्यंत मागे वळून त्यांच्याकडेच बघत होते.

मी रत्नागिरीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. निकालाच्या दिवशी चाचांनी सगळ्या कारखान्याला पेढे वाटले आणि मला विचारलं, "बाय, आता सांग, धुरात काय काय असतं?" दुसऱ्या दिवसापासून मी तिथे नोकरीला लागले. आजूबाजूचे कारखानदार टरफलं फुकटचं जळण म्हणून जाळत. चाचा ती तेल काढणाऱ्याला विकत आणि तेल निघून गेलेला कोरडा चोथाच परत आणून बॉयलरला घालत. ज्या दिवशी कडक ऊन, त्या दिवशी गर छपरावरच्या काचेच्या पेट्यांत सुकत. या सगळ्यापायी आमचा माल बाजारात उशिरा पोचायचा. व्यापारी चाचांना वेडा हुसेन म्हणत.

चाचांना त्याचं काही नव्हतं. त्यांची नजर मस्कतकडे होती. त्यांचा एकुलता मुलगा रियाज माझ्याच वर्गातला. सातवीत त्याला चांगल्या शाळेसाठी म्हणून मुंबईला मामांकडे नेलं. चाचीही सोबत गेल्या. त्याच वर्षी चाचांनी भट्टी मोडली आणि कातळावर हा कारखाना काढला. लोक म्हणाले, घर रिकामं झालं आणि माणूस बिथरला. रियाज शिकला, मस्कतला लागला, आईला तिकडेच घेऊन गेला. चाचा एकट्यासाठी भात लावत आणि रोज आम्हाला सांगत, रियाज येणार, हे सगळं त्याच्या हातात देणार आणि मी झोपणार. फोनवर त्याचा चेहरा दिसला की चाचा फोन धुराड्याकडे फिरवत. बाप कसा आहे ते रियाजला दिसायचंच नाही, दिसायचं नुसतं आकाश.

गेल्या मे महिन्यात रियाज बायको आणि लेकीला घेऊन आला. चाचांनी त्याला बॉयलर, पेट्या, खड्डे, विहीर सगळं दाखवलं. रियाजने मन लावून पाहिलं, चार चांगले प्रश्न विचारले. असं स्वच्छ काम आमच्या कंपनीतही नाही, म्हणाला. ते खरंच असावं, तो उगाच बोलणारा नाही. मग चाचांनी त्याला धुराड्याखाली उभं केलं. मी तिथेच होते.

"घे दम. मोठा घे."

रियाजने श्वास घेतला.

"खोकला येतोय?"

"नाय, अब्बा."

"छातीत काय होतंय?"

"काय नाय होत."

"मग ये परत."

रियाज म्हणाला, "मुंबईला गेलो तेव्हा रोज रडायचो अब्बा, घरी न्या म्हणून. मग रडायचं थांबलं. आता इथे मी पाहुणा आहे."

चाचांनी मान हलवली. लेकीला आंबे आवडतात का, एवढंच विचारलं.

तो गेला त्या संध्याकाळी चाचा ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसले. मी काही विचारलं नव्हतं, तेच बोलायला लागले.

"शाळेचं आम्ही नुसतं सांगितलेलं, बाय. त्याला दमा झालेला, भट्टीचा. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, पोर पाहिजे तर धुरातून काढा. तिसरीपासून खोकायचा तो. मी म्हणायचो, सर्दी आहे. सीझन चाललाय, जाईल." थोडं थांबून ते म्हणाले, "मोडली मी भट्टी. पण तो गेल्यावर मोडली."

त्या भट्टीवर आमचं घर चाललं होतं. मी पाणी दिलं, त्यांनी ते घेतलं आणि बॉयलर थंड झाला का बघायला गेले.

कारखाना आता मी चालवते. चाचा अजून रोज येतात. आजूबाजूच्या कारखानदारांनी टरफलं जाळायचं सोडलंय, आमचे खड्डे बघून तसेच खड्डे खणलेत. आमच्या गावच्या बायकांना बारमाही काम आहे. आणि धुरापायी आमच्या वाडीतल्या एकाही पोराला आता गाव सोडावं लागत नाही.