वाढदिवस, सर्वांना लागू

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या दुपारी बेंगळुरूतलं ते ऑफिस पार ओस पडलं होतं. सकाळी सगळ्या कम्प्युटरांना हळदकुंकू लागलं, झेंडू चढला, चुरमुरे वाटून झाले आणि माणसं आपापल्या गावी पसार झाली. आज यंत्रांनाही सुट्टी. उरली एकटी वनजाक्षी, कारण नव्या मुलीला रजा कुठली? जाता जाता गुरुराज सर सांगून गेले होते, "डेटाबेस सांभाळायचं नवं सॉफ्टवेअर येतंय ना, त्याची चाचणी आवृत्ती बघून ठेव. कॉपीवर हं. खऱ्या माहितीला हात लावायचा नाही."

वनजाक्षीने कीबोर्डवरचा झेंडू अलगद उचलला, यंत्राची मनातल्या मनात माफी मागितली आणि सॉफ्टवेअर उघडलं.

सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती समोर आली. तिच्या नावापुढे जन्मतारीख होती एक जून. गावच्या हेडमास्तरांनी अख्ख्या वर्गालाच एक जूनला जन्माला घातलं होतं. खरी तारीख आजची. आई तिथी धरायची, त्यामुळे तिचा फोन कधीच येऊन गेलेला. आज वनजाक्षीची आठवण काढणारं पृथ्वीच्या पाठीवर कुणी नव्हतं.

'कॉपीच तर आहे,' तिला वाटलं, 'इथे तरी खऱ्या दिवशी जन्मते.' तिने तारीख बदलली. सॉफ्टवेअरने अगदी अदबीने विचारलं, सर्वांना लागू करू का? सर्वांना म्हणजे आपल्याच सर्व नोंदींना, असं समजून तिने बिनधास्त होकार दिला.

थोड्याच वेळात फोन वाजला. चन्नबसप्पा बोलत होते. कर्मचाऱ्याच्या वाढदिवशी ऑफिसकडून त्याच्या घरी म्हैसूरपाक जायचा, तो त्यांच्या दुकानातून; ऑर्डर आणि शुभेच्छा डेटाबेसमधल्या तारखेवरून आपोआप निघायच्या.

"मॅडम, तुमचं अख्खं ऑफिस एकाच मुहूर्तावर जन्मलं का हो?"

"म्हणजे?"

"सगळ्यांच्या डब्यांची ऑर्डर आलीय. ऐन सणात एवढं तूप आणू कुठून?"

वनजाक्षीने स्क्रीनच्या कोपऱ्यातलं डेटाबेसचं नाव पुन्हा एकदा वाचलं. त्या शहाण्या सॉफ्टवेअरने स्वतःहून खराच डेटाबेस उघडला होता.

मग हिशेब विभागातल्या पद्मनाभांचा फोन. "अगं, मला शुभेच्छांचा मेसेज आलाय. बायको विचारतेय, मग फेब्रुवारीत केक कापला तो कुणाचा?"

आणि शेवटी गुरुराज सर.

"वनजा, आमची अम्मा रुसून बसलीय. म्हणते, तुला मी जन्म दिला की तुझ्या ऑफिसने? काय केलंस तू?"

तिने सगळं सांगून टाकलं. आता नोकरी जाणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

"कॉपीवर म्हटलं होतं ना मी?"

"हो सर."

"म्हणजे आता सगळ्यांच्याच तारखा चुकल्या?"

"सगळ्यांच्या नाही, सर. एक बरोबर आहे."

"कुणाची?"

"माझी."

पलीकडे सणाच्या घरातली भांडी वाजत होती, मुलं भांडत होती.

"बरं," सर म्हणाले, "तेवढी राहू दे. बाकीच्या कालच्या कॉपीवरून परत आण. चन्नबसप्पांना मी सांगतो, एक डबा सोडून सगळे रद्द. पाठवायचा कुठे तो?"

"ऑफिसातच पाठवा, सर," वनजाक्षी म्हणाली. "मी इथेच आहे."