विमानाच्या दाराला चाइल्ड लॉक

दारांच्या बाबतीत मला हरवणारा अजून जन्माला यायचाय! वीस वर्षं मी गाड्यांच्या कारखान्यात दारंच बसवली. त्यामुळे आमच्या कंपनीने आठ जणांचं छोटं जेट विमान बनवायला घेतलं, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "साहेब, दारांची काळजी सोडा!"

पहिलं गिऱ्हाईक त्या दिवशी अकरा वाजता येणार होतं. त्याला पसंत पडलं तर ठीक, नाहीतर विमान विभागाला कुलूप! विमान म्हणजे सध्या नुसती प्लायवूडची केबिन, पण आतून हुबेहूब. साहेब सकाळपासून पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझाऱ्या घालत होते.

"टॉयलेट फार लहान वाटतंय हो!"

"छे! दोघं आरामात मावतात!" मी त्यांना आत घेतलं, मागोमाग शिरलो आणि दार ओढलं. खट्!

दार उघडेना. मग डोक्यात प्रकाश पडला. लॉक आमच्याच कंपनीच्या गाडीच्या मागच्या दाराचं होतं. चाइल्ड लॉकसकट! ते फक्त बाहेरून उघडतं!

फोन बाहेर. साहेबांचं कोपर माझ्या बरगडीत.

"वाचवा!" मी किंचाळलो.

बाहेर पावलं वाजली. आवाज मोजणाऱ्या बाई! आतून कोणालातरी ओरडायला लावायचं आणि आवाज किती बाहेर येतो ते बघायला मीटर धरायचा, हे त्यांचं रोजचंच काम.

"वा! आज अगदी खरंखुरं वाटतंय!" बाई म्हणाल्या. "जरा जोरात!"

"अहो, दार उघडा! मी साहेब बोलतोय!"

"साहेबांची नक्कल फक्कड जमलीय हं! आता थापा मारा."

आम्ही थापा मारल्या, लाथा घातल्या. "झालं माझं!" म्हणून बाई चक्क निघून गेल्या!

साहेबांच्या घड्याळात अकरा वाजले. तेवढ्यात दार उघडलं आणि आम्ही दोघं पिकल्या फणसासारखे गिऱ्हाइकाच्या पायाशी पडलो.

"ज... जागेची चाचणी चालली होती," साहेब टाय सरळ करत म्हणाले.

गिऱ्हाईक म्हणजे एक शांत आजोबा. त्यांनी लॉक दोनदा दाबून पाहिलं.

"भक्कम आहे! कुठलं?"

"आमच्या गाडीचं!" मी उठता उठता म्हणालो.

"मग विमान राहू द्या. ती गाडीच द्या एक. आमचे जुळे नातू चालत्या गाडीत दार उघडतात हो!"

अशी आमच्या विमान विभागाची पहिली विक्री झाली. श्रेय माझंच, हे मी घरी ठणकावून सांगितलंय. साहेबांना सांगायचं मात्र अजून धाडस झालेलं नाही!