बिनअंगणाचं विमान

“आमचं घर आमच्याबरोबरच असतं,” असं थुन्याचे बाबा हसत हसत म्हणाले आणि तिथेच सगळं बिघडलं. बिघडलंय हे मात्र कुणाला लगेच कळलं नाही. थुन्याला त्याच संध्याकाळी कळलं, तिच्या मोलेफीमामांना दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि बाबांना नेमकं कधी कळलं याबद्दल घरात अजून एकमत नाही.

झालं होतं असं, की थुन्याच्या दादाला, म्हणजे कागोला, मोकोबे गावची मासेगो आवडली होती आणि मासेगोला कागो. अवघड भाग उरकला असं त्या दोघांना वाटत होतं. बिचारे. आता मुलाकडच्या मोठ्यांनी मुलीच्या गावी जायचं, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत तिच्या दारात जाऊन जमिनीवर बसायचं आणि मुलगी मागायची. बोलायचं मामाने. बापाने कोट घालून गप्प बसायचं. मुलाने तर यायचंच नाही. त्याने माउन शहरातल्या आपल्या घरी बसून नखं खायची.

गप्प बसणं सोडलं तर बाबांना सगळं काही येत होतं. त्यांच्याकडे एका पंख्याचं जुनं विमान होतं, एकेकाळी टपाल आणि आजारी माणसं वाहणारं. त्याच्या मागच्या खुर्च्या त्यांनी घडीच्या करून घेतल्या, जमिनीवर गाद्या घातल्या, शेपटीकडे शेगडी आणि छोटं कपाट बसवलं. आईने खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे शिवले. तेव्हापासून ही मंडळी कुठेही गेली तरी राहायची विमानातच. हॉटेल म्हटलं की बाबांच्या कपाळाला आठी पडायची. नातेवाइकांकडे उतरायचं म्हटलं तर दोन आठ्या.

तर मोकोबेच्या मातीच्या धावपट्टीवरून शेळ्या हाकलायला बाबांनी दोनदा खाली सूर मारला, तिसऱ्यांदा मधोमध उभं असलेलं एक गाढव एकदाचं हललं, आणि विमान उतरलं. गोइत्से आत्या सामोरी आली. ही मासेगोच्या वडिलांची थोरली बहीण; घरातली कुठलीही गोष्ट तिने मान हलवल्याशिवाय पुढे सरकत नाही. पाहुण्यांसाठी तिने शेजारची गोल झोपडी ताजी सारवून घेतली होती, चटया घातल्या होत्या, दाराशी पाण्याचा माठ ठेवला होता. तिथे उतरा, ती म्हणाली, आणि बाबा ते वर लिहिलेलं वाक्य बोलले. शिवाय विमानावर थापही मारली.

आत्याने विमानाकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पडद्यांकडे. “हं,” म्हणाली आणि गेली.

थोड्या वेळाने गावचे प्रमुख आले. म्हातारे, बारीक, डोक्याला टोपी. पंखाच्या सावलीत स्टूल टाकून बसले. आईने चहा दिला. त्यांनी विचारलं की झोपता खरंच यातच का. बाबांचा चेहरा खुलला. यातच, म्हणाले, आठवडेच्या आठवडे, आज इथे तर उद्या तिथे, चूल बरोबर, बिछाना बरोबर.

“आणि शेजारी?”

“शेजारीच नाहीत,” बाबा खुशीत म्हणाले. “तीच तर खरी गंमत आहे.”

म्हाताऱ्याचा कप ओठांपाशी थांबला. मोकोबेत शेजारी नसलेला माणूस म्हणजे ज्याला कुणीतरी कुठून तरी हाकललंय तो. त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “मग मेलात तर पुरणार कोण?”

“विमानात माणूस मेला तर पुरायला फारसं उरत नाही, आजोबा,” बाबा म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. म्हाताऱ्याने जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. बाबांना तो आशीर्वाद वाटला.

मग गाव यायला लागलं. एक बाई ज्वारीच्या घट्ट पेजेचं पातेलं घेऊन आली. एक जण दोन घोंगड्या ठेवून गेला. एकीने कोंबडी आणली, जिवंत, पाय बांधलेली. एका माणसाने तर चौकटीसकट लाकडी दार डोक्यावर आणून पंखाला टेकवलं. त्याने घराला लोखंडी दार लावलं होतं, हे तुम्हाला बांधकामाला होईल, म्हणाला. कसलं बांधकाम, हे कुणालाच कळेना. मोलेफीमामा पेज खाता खाता म्हणाले की या भागात पाहुण्यांना दार देत असतील, आपल्याला काय माहीत. बाबा भारावून गेले होते. अशी माणसं आता राहिली नाहीत, हे ते प्रत्येक वस्तूमागे एकदा म्हणत होते.

थुन्याही आधी हरखली होती. पण तिच्याच वयाची एक मुलगी आली, तिला बाजूला घेऊन गेली आणि पिशवीतून शाळेचे काळे बूट काढले. पॉलिश केलेले, टाचेला जरा झिजलेले.

“तुला होतील बघ,” ती मुलगी म्हणाली. “लाजू नकोस. आमचं पण घर एकदा वाहून गेलं होतं.”

थुन्याच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. आणि तिच्या पायात होते ते नवेकोरे पांढरे बूट तिने वाळूत खुपसले.

ती धावत बाबांकडे गेली. यांना वाटतंय की आपल्याला घर नाही, आपण बेघर आहोत, म्हणून हे सगळं चाललंय, असं तिने एका दमात सांगितलं. बाबांनी तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. “आपल्याकडे विमान आहे, थुन्ये. विमान असलेल्या माणसाला घर नाही, असं कुणाच्या डोक्यात येईल?”

बोलणं इतकं बरोबर होतं की थुन्याच गोंधळली.

पहाटे कोट, शाली, डोक्याला रुमाल, सगळा सरंजाम करून मंडळी मुलीच्या दारात जाऊन बसली. लग्न न झालेल्यांना तिथे जागा नसते, म्हणून थुन्या काटेरी कुंपणाबाहेर उकिडवी बसून ऐकत होती. हातातला फोन सारखा थरथरत होता. कागो विचारत होता, हो म्हणाले का. तिने लिहिलं, थांब.

मोलेफीमामांनी घसा साफ केला आणि रीतीप्रमाणे सुरुवात केली. आम्ही तहानलेले लोक, पाणी प्यायला भोपळ्याचा तुंबा मागायला आलोय. तुंबा म्हणजे मुलगी, हे शेळ्यांनाही कळतं. यावर समोरच्यांनी जरा आढेवेढे घ्यायचे, मग हसायचं, असं ठरलेलं असतं.

गोइत्से आत्या हसली नाही. “तुंबा देऊ,” ती म्हणाली. “टांगणार कुठे?”

मामांना हे पाठ नव्हतं. ते चाचरत म्हणाले की घर आहे ना, माउनला, चांगलं पक्कं आहे. मग तिथे झोपत का नाही, आत्याने विचारलं. मामा म्हणाले, झोपतो की, पण प्रवासात... प्रवासात माणूस माणसांकडे झोपतो, आत्या म्हणाली. तुम्हाला कुणी घरात घेत नाही का?

इथे बाबांनी गप्प राहायचं होतं. बस्स, तेवढंच एक काम होतं.

“आम्हीच कुणाकडे जात नाही,” बाबा म्हणाले.

कुंपणाबाहेर थुन्याने डोळे मिटून घेतले. आत कोंबड्या माती उकरत होत्या.

“गरिबीचं आम्हाला काही नाही,” आत्या अखेर म्हणाली. आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. “गरिबाघरी मुली दिल्यात आम्ही. पण उद्या नवराबायकोचं वाजलं की दोन्हीकडचे म्हातारे अंगणात बसून मिटवतात. आम्ही कुठे बसायचं? पंखावर?”

बाबा उठलेच. म्हणाले, चला, आत्ता दाखवतो घर, डोळ्यांनी बघा. आत्या नको म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. तिने शाल सारखी केली आणि आपल्या धाकट्या भावाला, मासेगोच्या थाबांगकाकांना, ऊठ म्हणाली.

विमानात जागा करता करता दुपार झाली, त्यात आणखी एक घोळ. दिलेली वस्तू परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडात मारणं, आणि धावपट्टीवर टाकून जाणं त्याहून वाईट. त्यामुळे घोंगड्या, पातेलं, कोंबडी आणि ते दार सगळं आत आलं. आत्या घडीच्या खुर्चीत त्या लाकडी दाराला टेकून बसली, मांडीवर कोंबडी. वाटेत ती एकच गोष्ट बोलली, पडदा सारा म्हणून. मग खालची अंगणं बघत राहिली.

माउनचं घर खरोखर सुंदर होतं. उंच भिंत, भिंतीवर तारांची वेटोळी, आपोआप सरकणारं फाटक, आत भुंकणारा कुत्रा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत्या फाटकासमोर उभी राहिली.

“हाक कुठून मारायची?” तिने विचारलं.

बाबांनी कौतुकाने बेलचं बटण दाखवलं. तिने ते दाबलं नाही. मुलगी दिल्याशिवाय तिला आत पाऊल टाकता येणार नव्हतं, पाणीसुद्धा पिता येणार नव्हतं. तेव्हा ती भिंतीला बाहेरून वळसा घालून आली. फाटकाच्या फटीतून तिला पाण्याच्या टाकीमागे दोन अनवाणी पाय दिसले. नवऱ्या मुलाने दिसायचं नसतं म्हणून कागो तिथे दडला होता. “टाकीला पाय फुटलेत,” आत्या थाबांगकाकांना म्हणाली. मग बाबांकडे वळून, “शेजारी कोण?”

बाबांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं.

“निळी गाडी आहे त्यांची,” ते म्हणाले.

तेवढ्यात वारा सुटला, धूळ उठली, आणि ऊन उतरायला लागलं. मोकोबेच्या धावपट्टीवर दिवे नाहीत, म्हणजे सकाळपर्यंत परत जाणं नाही. मुलाच्या घरी मुलीकडच्यांनी राहायचं नाही. आता काय? आणि मग थुन्याच्या बाबांनी, स्वतःच्या तोंडाने, हॉटेलात खोल्या घेतो असं सांगितलं. आईला ठसका लागला.

“आमची सोय आहे,” गोइत्से आत्या म्हणाली, आणि थाबांगकाकांना घेऊन विमानतळाकडे चालू लागली.

संध्याकाळी आईने थुन्याला आणखी एक उशी देऊन पाठवलं. जेवण पाठवायची सोय नव्हती, मुलाकडचं ते खाणार नव्हते. थुन्या पोचली तर विमानाखाली जत्रा. ते लाकडी दार आत्याने चार विटांवर आडवं टाकून त्याचा बाक केला होता. त्यावर पहारेकरी, इंजिनं दुरुस्त करणारे दोघं, तळलेले गोळे विकणारी बाई, असे ओळीने बसून पेज खात होते. टोकाला एक चष्मेवाले गृहस्थ कोंबडी कुरवाळत होते, आणि त्यांच्या मागे निळी गाडी उभी होती.

“हे सेचाबा,” आत्या म्हणाली. “तुमच्या भिंतीपलीकडे राहतात. बायको बाळंत झालीय, जुळं झालंय. तुम्हाला माहीत असेलच.”

थुन्याला माहीत नव्हतं. तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनाही नव्हतं. त्या रात्री ते स्वतःच्या पक्क्या घरात, स्वतःच्या पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले, आणि कुत्र्याशिवाय त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

सूर्य उगवायच्या आत बाबा, आई आणि मोलेफीमामा पुन्हा कोट-शाली चढवून निघाले. मुलगी मागायची तर मुलीकडचे जिथे राहतात तिथे जाऊन, आणि मुलीकडचे राहत होते विमानात. तिघं विमानाच्या पायऱ्यांसमोर सिमेंटवर बसले. थुन्या शेजारच्या विमानाच्या चाकामागे. फुलाफुलांचे पडदे बंद होते. ताटकळत ठेवणं हाही रीतीचाच भाग असतो, आणि आत्या रीत अर्धवट पाळणाऱ्यांपैकी नव्हती. एकदा आतून कडीची खटपट ऐकू आली. बाबा सांगायला गेले की ती आधी वर उचलावी लागते. मामांनी कोपर मारलं.

दार उघडलं. आत्या वरच्या पायरीवर उभी राहिली, डोक्याला रुमाल, अंगावर शाल, मागे घोरणारे थाबांगकाका.

“कोण आहात?” तिने विचारलं, जणू जन्मात पाहिलं नव्हतं. “कुठून आलात?”

मामांनी घसा साफ केला. तिने हात वर केला. “याला बोलू द्या. याच्याच तोंडाने बिघडलंय.”

बाबा गोंधळले. पायलट म्हणून आलो म्हणावं, की माउनचा म्हणावं, की घर आहे म्हणावं. कागोचं सगळं लग्न त्या एका वाक्यावर लटकलं होतं. चाकामागे थुन्याने फोन इतका घट्ट धरला होता की तो आपोआप बंद पडला.

“आम्ही,” बाबा अखेर म्हणाले, “सेचाबांच्या शेजारचे. ज्यांना जुळं झालंय ना, त्यांच्या.”

आत्याने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग थाबांगकाकांना पायाने ढोसून उठवलं, त्यांच्या कानात काही बोलली, आणि वळून म्हणाली की मुलगी द्यायला आमची हरकत नाही.

आई रडायलाच लागली. मामांनी टाळ्या वाजवल्या, रीतीत बसतात की नाही याचा विचार न करता. आणि बाबा आनंदाच्या भरात उठले, कोट झटकला आणि सवयीने पायऱ्या चढायला लागले.

आत्याने दारात हात आडवा धरला.

“बसा, बसा बाहेरच,” ती म्हणाली. “घर लहान आहे आमचं. मी चहा तिथेच आणते.”