कोंबड्यांच्या समाचाराला

त्या दिवशी फोरमन आरवलाच नाही, त्यामुळे गुलाब रामटेके उठायचे राहिले.

फोरमन म्हणजे त्यांचा कोंबडा. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या रेल मिलमध्ये क्रेन चालवण्यात हयात गेली, तेव्हा पहिल्या पाळीला उठवायला गजराचं घड्याळ लागायचं. रिटायर झाल्यावर ते काम त्यांनी कोंबड्यावर सोपवलं. स्वतः काडीचं काम न करता छाती काढून दिवसभर दुसऱ्यांवर ओरडत फिरायची त्याची सवय पाहून त्याला हुद्दाही देऊन टाकला.

उन्हं पार खिडकीतून आत आली तेव्हा रुक्माबाईंची हाक ऐकू आली.

"आम्रपालीचे बाबा, उठा ना! तुमचा फोरमन सीक लिव्हवर गेला वाटते."

गुलाबराव तसेच परसात धावले. पेरूच्या झाडाखाली फोरमन पिसं फुगवून, मान खांद्यात घालून, डोळे अर्धे मिटून बसला होता. शेजारी टिकली आणि कबरी, दोघीही तशाच. समोर तांदळाची कणी टाकलेली, पण तिला एकीनेही चोच लावली नव्हती. चिमण्या येऊन खुशाल वेचत होत्या आणि फोरमन त्यांना हाकलतही नव्हता. हे पाहून मात्र गुलाबराव तिथेच मातीत उकिडवे बसले.

"काल त बऱ्या होत्या ना वं?"

"परवापासूनच सुस्त हायेत. अंडं बी नाई दिलं."

"मंग मले कावून नाई सांगितलं?"

"सांगून राहिली होती ना! तुमी कोंबड्यांचं ऐकता, माह्यं कुठं ऐकता?"

कोंबड्या ही गुलाबरावांची जुनी हौस. भंडारा जिल्ह्यात लाखनीकडच्या त्यांच्या गावी आईच्या कोंबड्या घरभर फिरत, चुलीजवळ येत, झोपलेल्या पोराच्या पोटावरही चढत. भिलाईला नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, पण क्वार्टरात कोंबड्या कुठल्या? शेवटी जामुलच्या वाटेवर चार दोस्तांनी मिळून लागून लागून प्लॉट घेतले आणि घरं बांधली. तेव्हा गल्लीत काय गजबज होती! पाळी सुटली की सायकलींच्या घंट्या, पोरांचा आरडाओरडा, एकाच्या घरचं कालवण दुसऱ्याच्या ताटात. मग पोरं शिकली आणि एकेक करत उडाली. आम्रपाली पुण्याला, शेजारच्या जोसेफ साहेबांचा मुलगा दुबईला, समोरच्या अन्नपूर्णाम्मांच्या दोघी मुली हैदराबादला. आता गल्लीत इतकी शांतता असायची की गॅसवाला आला तरी बरं वाटायचं. त्या शांततेत आवाज करायला म्हणूनच गुलाबरावांनी कोंबड्या आणल्या होत्या.

आणि आता त्याच मुक्या झाल्या होत्या.

त्यांनी पुण्याला फोन लावला.

"बाबा, हात नका लावू!" आम्रपाली ओरडलीच. "बर्ड फ्लू असू शकतो. पहले मास्क लगाओ, ग्लव्ज पहनो. आणि खरंच तसं निघालं ना, तर सगळ्या माराव्या लागतात, म्हायती हाय ना?"

हे शेवटचं वाक्य ऐकताच गुलाबरावांनी फोन ठेवला. त्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढली. आत प्लांटमधले चामड्याचे हातमोजे होते, ते घातले. डोळ्यांना गॉगल लावला. नाकाला रुक्माबाईंची ओढणी बांधली. हेल्मेटही तिथेच होतं, तेही सवयीने डोक्यावर चढलं. अशा थाटात ते टिकलीजवळ वाकले आणि नेमके त्याच वेळी शेजारच्या भिंतीवरून जोसेफ साहेबांनी डोकावून पाहिलं.

जोसेफ साहेब सेफ्टी डिपार्टमेंटमधून रिटायर झालेले. त्यांना हेल्मेट, गॉगल आणि तीन निपचित कोंबड्या एकदम दिसल्या.

"रामटेके! हिलना मत!" ते गरजले. "गॅस है क्या?"

"गॅस कायचा, जोसेफ साब? कोंबड्या बिमार हायेत."

"वही तो! ट्रेनिंग में क्या सिखाया था? पहले चिड़िया गिरता है, फिर आदमी!"

गुलाबराव काही बोलायच्या आत साहेबांनी घरातून लाल-पांढरी पट्टी आणली आणि पेरूच्या झाडापासून संडासाच्या टाकीपर्यंत ताणून बांधली. मग गळ्यातली शिट्टी जोरात फुंकली. ही शिट्टी ते अजून का बाळगतात, हे गल्लीत कोणी विचारत नसे.

शिट्टी ऐकून पलीकडच्या घरातून छत्तीसगढी बोलणारी गयाबाई ओला पदर नाकाला लावून आली. तिचा नवरा धनीराम गुलाबरावांच्याच पाळीत होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"का होगे भैया? गॅस निकलत हे?"

"गॅस नाई, बाई! कोंबड्या सुस्त हायेत!"

"हाय दाई! मोर टिकली!" गयाबाई पट्टीखालून सरळ आत शिरली.

टिकली हिची कधीपासून झाली, असा प्रश्न गुलाबरावांना पडला, पण तेवढ्यात समोरच्या अन्नपूर्णाम्मा लिंबू-मिरच्या घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"नजर लगा है," त्या ठामपणे म्हणाल्या. "मैं पहले ही बोला था. इतना सुंदर मुर्गा बाहर नहीं छोड़ना."

दृष्ट काढून झाली. गयाबाईने कडुनिंबाचा धूर केला. तो कोंबड्यांपेक्षा गुलाबरावांनाच जास्त लागला आणि ते खोकत सुटले. त्यांना खोकताना पाहून जोसेफ साहेबांचा गॅसवरचा विश्वास आणखी पक्का झाला आणि त्यांनी पट्टी दोन हात मागे सरकवली.

त्या दिवसापासून रामटेक्यांच्या परसात समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली. अन्नपूर्णाम्मा हळद घेऊन आल्या. पण नुसती हळद कोंबडी खाईना, म्हणून ती तूपभातात कालवून भरवली. गयाबाईने लसूण आणला, तो भाकरीच्या गोळ्यात घालून दिला. जोसेफ साहेबांनी मिरी वाटली आणि ब्रेडमध्ये दाबून चारली. कोंबड्या डोळे मिटून कसंबसं गिळत होत्या आणि दिवसेंदिवस जास्तच सुस्त होत होत्या. त्या जितक्या सुस्त होत, तितके लोक जास्त वेळ बसत. घरोघरच्या खुर्च्या आल्या. रुक्माबाईंनी चहाचं मोठं पातेलं बाहेर काढलं.

आणि बसल्या बसल्या गोष्टी निघू लागल्या. एकदा पुराच्या पाण्यात सगळ्या गल्लीने जोसेफ साहेबांच्या गच्चीवर दिवस काढला होता, ती आठवण निघाली. धनीराम नाचात बाईचं सोंग घ्यायचा आणि एकदा खुद्द त्याच्या सासऱ्यानेच त्याला बक्षीस दिलं होतं, हे सांगताना गयाबाई पदर तोंडात कोंबून हसली. अन्नपूर्णाम्मांना लग्न होऊन आल्यावर हिंदीचा एक शब्द येत नव्हता. तेव्हा रुक्माबाईंनी त्यांना जी बोली शिकवली, ती हिंदी नसून भंडाऱ्याची मराठी होती, हे त्यांना बाजारात भाजीवाल्याशी भांडताना कळलं.

"मैंने बोला, 'कावून इतका महाग देऊन राहिला बे?'" अन्नपूर्णाम्मा म्हणाल्या. "वो डर के आधे दाम में दिया!"

सगळे पोट धरून हसले. गुलाबरावही हसले, पण त्यांची नजर पेरूखाली होती. फोरमनने आता मान पंखांत खुपसली होती. त्या दिवशी गुलाबराव जेवले नाहीत.

"बलावा त्या शेंड्याच्या कौस्तुभले," रुक्माबाई म्हणाल्या. "ढोरांचा डाक्टर हाय तो. काय व्हायचं ते होऊन जाऊ द्या."

कौस्तुभ याच गल्लीत वाढलेला. सगळ्यांच्या काचा फोडून मग डॉक्टर झाला होता. तो मोटरसायकलवरून उतरला, "जय भीम, काका" म्हणाला आणि परसात येऊन थबकला. लाल-पांढरी पट्टी, लिंबू-मिरच्या, धुपाटणं, खुर्च्यांवर सगळी मंडळी, हेल्मेट चढवलेले गुलाबराव आणि मधोमध तीन कोंबड्या.

"काका, मयत झालीय का कोणाची?"

"तसं बोलू नोको रे! सांग, मारा लागन का?"

कौस्तुभने टिकलीला उचललं. डोळे पाहिले, चोच पाहिली, विष्ठाही पाहिली. मग त्याचा हात तिच्या गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीवर गेला आणि तिथेच थांबला.

"काका, इसमें क्या भरा है? चेंडू गिळला का हिनं?"

"दोन येळा मूठभर कणी आनं हे थोडं औषध, बस. कसम से."

कौस्तुभ ती पिशवी अंगठ्याने हलके हलके चोळू लागला. टिकलीने मान ताणली, चोच उघडली आणि आंबूस वासाचा एक पांढरा गोळा बाहेर टाकला. त्या गोळ्याला एक हिरवं, लांबट पान चिकटलेलं होतं.

गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं पान.

सगळ्यांच्या माना एकदम अन्नपूर्णाम्मांकडे वळल्या.

"थोडासा उपमा," त्या पुटपुटल्या. "सुबह गेट पे आता है. मैं अकेला क्या खायेगा? एक मेरा, एक उसका."

"मय तो बासी देथव बस," गयाबाईने लगेच सांगून टाकलं. रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात. "दोपहर के. संगवारी बर." म्हणजे सोबतीसाठी.

जोसेफ साहेबांनी घसा साफ केला. "चार बजे का चाय मैं अकेले नहीं पी सकता. टोस्ट... एक-दो. बटर के साथ."

"शरम नाई वाटत तुमाले?" गुलाबराव भडकले. "मुक्या जिवाले मारून टाकता का?"

"आनं तुमी?" रुक्माबाई शांतपणे म्हणाल्या. "सांजेले शेव-मुर्रा कोणाच्या मांडीवर बसून खाते तो फोरमन?"

गुलाबरावांनी हेल्मेट काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"मी बी भाकर देते दुधात," रुक्माबाईंनी स्वतःचंही सांगितलं. "तुमी झोपले की."

कौस्तुभ हसून हसून पायरीवर बसला. "इनको कोई बीमारी नहीं है. लाडानं अजीर्ण झालं. सगळं सडून राहिलं पोटात. आज उपाशी ठेवा, नुसतं पाणी. मग दोन वेळा कणी, आणि तीही फक्त काका देतील. बाकी कोणी दाणाही टाकायचा नाही!"

सगळ्यांनी मान खाली घालून कबूल केलं. जोसेफ साहेबांनी पट्टी गुंडाळली. जो तो आपापली खुर्ची घेऊन घरी गेला.

पथ्य कडक पाळलं गेलं. थोड्याच दिवसांत टिकली माती उकरू लागली, कबरीने अंडं दिलं आणि एका पहाटे फोरमनने अशी बांग ठोकली की गुलाबराव खाटेवरच उठून बसले. त्यांनी पुण्याला फोन करून आनंदाची बातमी कळवली, रुक्माबाईंच्या हातचं अंड्याचं कालवण चापून खाल्लं आणि संध्याकाळी परसात येऊन बसले.

परस रिकामं होतं. समोरचं फाटक बंद. भिंतीवरून कोणी डोकावलं नाही. गयाबाईच्या घरात टीव्ही चालू होता आणि त्यात कोणीतरी एकटंच बोलत होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही दिवशी तसंच. कोंबड्यांना खायला घालायची बंदी झाल्यावर यायला निमित्तच उरलं नव्हतं. बिनकामाचं दुसऱ्याच्या दारात जाण्याइतकं तरुण आता त्यांच्यात कोणीच नव्हतं.

शेवटी गुलाबरावच उठले. गयाबाईच्या बाजूच्या भिंतीजवळ गेले.

"गयाबाई! ओ गयाबाई!"

"का भैया?"

"टिकली आज जरा सुस्त वाटून राहिली हो."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रुक्माबाईंनी परसात पाहिलं. टिकली चोचीत भलंमोठं गांडूळ धरून सुसाट पळत होती आणि फोरमन ते हिसकवायला तिच्यामागे लागला होता. रुक्माबाईंनी चहाचं मोठं पातेलं शेगडीवर चढवलं.

गयाबाई पदर सावरत आली. अन्नपूर्णाम्मा आल्या. जोसेफ साहेब खुर्चीसकट आले. तिघांनीही धावणाऱ्या टिकलीकडे गंभीरपणे पाहिलं.

"हव, सुस्त हे," गयाबाई म्हणाली.

"आँख ठीक नहीं है," अन्नपूर्णाम्मांनी दुजोरा दिला.

जोसेफ साहेबांनी पेरूखाली खुर्ची मांडली आणि ऐसपैस टेकले. "ऑब्झर्वेशन में रखना पड़ेगा," ते म्हणाले. "रोज शाम को."