हालू नोका

आमच्या शेजारचे गजूभाऊ शनीचा फोटो काढण्याआधी त्याला श्वास रोखायला सांगतात. ही थट्टा नव्हे. गच्चीवर तिपाईवर बसवलेल्या पांढऱ्या दुर्बिणीला डोळा लावायचा, एक हात वर करायचा आणि अगदी गंभीरपणे म्हणायचं, "हालू नोका. मान सरय. श्वास रोका." मग बटण दाबायचं आणि शनीच्या वाटचा श्वास आपणच रोखून धरायचा. दिवेलागणीला मी आमच्या गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला जाते तेव्हा हे रोज दिसतं. आधी हसू यायचं. आता मीसुद्धा नकळत दोरीपाशी गप्प उभी राहते.

रिसोडच्या बाजारात गजूभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. तालुक्यातल्या निम्म्या लोकांच्या गळ्यात ओळखपत्रावर जो चेहरा लटकतो, तो त्यांनी काढलेला. त्यात सगळेच नुकते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात, मीही. त्याचं कारण ते "हालू नोका". हे ते अशा आवाजात म्हणतात की माणूस हसायचं तर सोडाच, पापणी लववायलाही घाबरतो. त्यांच्या सगळ्या आयुष्याचं एकच तत्त्व आहे: "हाललेला फोटू म्हंजे फोटू नोय." हललेला फोटो ते गिऱ्हाइकासमोर टरकन फाडतात आणि पुन्हा बसवतात. केनवडच्या एका पोराला त्यांनी तीन वेळा बसवलं, तिन्ही वेळा ते हललं, आणि शेवटी ते झोपेपर्यंत त्याचे आईबाप, आजी आणि मामा सगळे स्टुडिओतच थांबून राहिले. त्या पोराचा शाळेच्या दाखल्यावरचा फोटो डोळे मिटलेला आहे. पण हललेला नाही.

अशा माणसानं दोनेक वर्षांपूर्वी कुठून तरी वापरलेली दुर्बीण विकत आणली. आम्ही सगळे चाट पडलो. तोवर गजूभाऊंचा आणि आभाळाचा संबंध लग्नाच्या दिवशी ढग आलेत का हे पाहण्यापुरता होता. गल्लीनं निकाल देऊन टाकला, की बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी पूजा नर्सिंग शिकायला अकोल्याला गेली, घर खायला उठतं, माणूस भ्रमिष्ट झाला. निकालातला पहिला भाग खरा होता.

त्यांच्या या नव्या नादाचा पहिला त्रास मला झाला. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते, संध्याकाळी तिच्यातून वाफा निघतात आणि दुर्बिणीतला ग्रह थरथरतो. म्हणून गजूभाऊ रोज सूर्य मावळला की गच्चीवर बादल्या रिकाम्या करत. ते पाणी त्यांच्या गच्चीच्या भोकातून थेट आमच्या ओट्यावर. एकदा माझ्या कुरडया भिजल्या. मी तणतणत गेले, तर त्यांनी माफी मागायची सोडून मलाच विनंती केली, "मॅडम, थोडी फोडणी थांबवता काय? तुमच्या खिडकीतून गरम हवा येते. गुरू उकयून राह्यला."

मी बावीस पोरांचा वर्ग एका आवाजात गप्प करते, पण इथं मीच घरी जाऊन उकळत्या गुरूसाठी गॅस बंद केला. त्या दिवशी आमच्याकडे वरणाला फोडणी उशिरा पडली.

ग्रहांचे फोटो ते पासपोर्टच्या आकारातच छापत. एका कागदावर आठ गुरू, आठ शनी. कात्रीनं नीट कापून, कागदी पाकिटात घालून शेजारीपाजारी वाटत. गुरू लोक आवडीनं घेत, काहींनी देव्हाऱ्यात ठेवला. शनी मात्र कुणी घरात घेईना. समोरच्या काकूंनी तर पाकीट दारातच अडवलं, त्याच्यावर तेलाचे दोन थेंब टाकले आणि हात जोडून परत पाठवलं. गजूभाऊंना फार वाईट वाटलं. इतका स्वच्छ फोटो, कडी वेगळी दिसते, गोळा वेगळा दिसतो, आणि लोक तेल टाकतात.

मंगळाची गोष्ट तर अख्ख्या बाजाराला माहीत आहे. एका शेतकऱ्याच्या मुलीची पत्रिका मंगळाची होती, चांगली चांगली स्थळं फिरून गेली होती. तो कुणाकडून तरी ऐकून गजूभाऊंच्या गच्चीवर आला आणि म्हणाला, ज्याच्यापायी माझ्या पोरीचं अडलं त्याला एकदा डोळ्यानं पाहायचंय. गजूभाऊंनी दाखवला. तो बराच वेळ नळीला डोळा लावून वाकून राहिला. मग उभा राहिला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "येवढाच?" पुढं त्या मुलीचं लग्न ठरलं. फोटो गजूभाऊंनीच काढले, आणि त्या बापानं एक फोटो मुद्दाम दुर्बिणीशेजारी उभं राहून काढून घेतला.

हे काम कसं चालतं ते त्यांनी मला एकदा समजावलं होतं. ग्रहाचा एक फोटो काढून भागत नाही. हवा हलत असते, म्हणून कधी तो फुगतो, कधी पुसट होतो, कधी क्षणभरच नीट दिसतो. मग त्याचा व्हिडिओ काढायचा. व्हिडिओ म्हणजे तरी काय, हजारो फोटोच. त्यातले बरे बरे संगणकानं निवडायचे आणि नेमके एकावर एक ठेवायचे. खराब खराब फोटोंच्या थरातून एक चांगला फोटो वर येतो. "मेथी निवडल्यावानी हाय," ते म्हणाले. "सडकं पान फेका, चांगलं ठेवा. सुनंदा निवडे तशी."

सुनंदावहिनी त्यांची बायको. माहेर इथलंच, गावाबाहेर त्यांचे भाजीचे मळे. मेथी-पालक विकणाऱ्या घरातली ही मुलगी लग्न होऊन आली आणि लग्नांच्या व्हिडिओत लाइट धरायला लागली. तेव्हा ते काम बाया करत नसत. पण हळदीला, बायकांच्या बैठकीत पुरुष लाइटवाला चालत नसे, आणि वहिनी चालत, म्हणून गजूभाऊंना कामं मिळत. पदर कमरेला खोचलेला, एका हातात तो तापलेला हॅलोजन वर धरलेला, अंगावर पाखरं येऊन आदळतायत, आणि ही बाई शेजारणीच्या कानात काहीतरी सांगून हसतेय. आमच्याच घरच्या एका लग्नात मी हे पाहिलंय. मोबाइलवर उठसूट फोटो काढायचे दिवस यायच्या आधीच एका तापाचं निमित्त होऊन ती गेली. पूजा तेव्हा तिसरीत होती, माझ्याच ओळखीच्या बाईंच्या वर्गात.

यंदा पूजाचं लग्न ठरलं. मुलगा मेडशीचा, सोयाबीन-तुरीची शेती, स्वभावानं गरीब. पूजानं बापाकडं एकच गोष्ट मागितली. कन्यादान काका-काकूंनी करायचं नाही, बाबांनीच करायचं, आणि त्यांच्या शेजारच्या पाटावर आईचा फोटो ठेवायचा.

आणि तिथंच सगळं अडलं. तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाकडं बायकोचा फोटो नव्हता. स्वतःच्या लग्नाच्या फोटोंत वहिनीची मान इतकी खाली, की मुंडावळ्या आणि भांग एवढंच दिसतं. मतदार ओळखपत्रावरचा फोटो होता, तो पूजानं पाहिला आणि ठेवून दिला. ती म्हणाली, ही माझी आई नाही, ही कुणीतरी रागावलेली बाई आहे. गावातल्या सगळ्या लग्नांत वहिनीनं धरलेला उजेड होता, वहिनी कुठंच नव्हती.

लग्नाला थोडेच दिवस राहिले असताना मी शाळेतल्या मुलांचे फोटो आणायला स्टुडिओत गेले. गजूभाऊ संगणकासमोर बसलेले. मला वाटलं पडद्यावर एखादा ग्रह आहे. फिकट, गोलसर, कडा विरघळलेल्या. मी विचारलं, आज कोण? त्यांनी मागं वळून न बघता खुर्ची सरकवून दिली.

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगते. फार वर्षांपूर्वी एका लग्नात ते जेवायला बसले आणि तिपाईवरचा कॅमेरा बंद करायचा विसरले. कॅसेटभर रिकाम्या मांडवाचं चित्रण झालं. तेव्हा कॅसेट वाया गेली म्हणून त्यांनी स्वतःला शिव्या दिल्या होत्या. पूजा अकोल्याला गेल्यावर जुन्या कॅसेटी चाळताना ती सापडली. मांडवाच्या पार टोकाला बायांची पंगत, लाइट विझवून बाजूला ठेवलेला, आणि जेवता जेवता सुनंदा हसतेय. लांबून, अंधुक, थोडाच वेळ. त्याच सुमारास त्यांनी कुठंतरी ऐकलं की खराब चित्रांतून एक चांगलं चित्र काढता येतं, आभाळाचे फोटो काढणारे लोक तसं करतात.

"तुमाले वाटलं असंन, मले शनी पाह्याचा नाद लागला," ते म्हणाले. "मले आभायाचं काय करा लागते, मॅडम? मी हात बसवून राह्यलो होतो."

मी पडद्याकडं पाहिलं. ग्रहांचा प्रोग्राम त्यांनी वहिनीवर चालवला होता. निवडून निवडून, एकावर एक ठेवून. एक कपाळ होतं, कुंकवाची जागा होती, आणि खाली नुसती सायीसारखी पांढुरकी चकती. डोळे नाहीत, ओठ नाहीत.

"शनी जागचा बदलत नाई," ते म्हणाले. "आज पाहा, उद्या पाहा, थोच शनी. हे तं बोलून राह्यली, घास घेऊन राह्यली, हासून राह्यली. एकावर एक ठेवलं की सारं पुसून जाते." मग म्हणाले, "साऱ्या गावाले हालू नोका म्हनलं. इले कधी म्हनलंच नाई. इले म्हनो, सरक, बाजूले हो, लाइट वर घे."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मुलांचे फोटो मी तिथंच विसरून आले, दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांची बोलणी खाल्ली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. पाटावर गजूभाऊंनी अखेर फ्रेम ठेवली, त्या व्हिडिओतला एकच अंधुक फोटो, न निवडलेला, न रचलेला. वहिनीची मान वळलेली, हात तोंडाशी, चेहरा फिसकटलेला. जवळून पाहिलं तर काहीच नाही. पण पूजा लांबून चालत आली, तिनं पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. म्हणाली, "आईच हाय."

फोटोवाला वाशिमचा तरुण पोरगा होता. हल्लीच्या पद्धतीनं तो फ्लॅश मारत नव्हता, माणसांना कळू न देता फोटो काढत होता. अंधार पडत आलेला, लाइट धरायला कुणी नाही. पूजाचा हात गजूभाऊंच्या हातात आला, वरून पाण्याची धार सुरू झाली, आणि गजूभाऊ गदगदा हलायला लागले. तो पोरगा एवढा मुरलेला नव्हता. तो हलक्या आवाजात म्हणाला, काका, जरा हलू नका ना. ते त्यांना जमलं नाही.

अल्बम आला तेव्हा तो मीच आधी पाहिला. पूजा स्पष्ट, जावई स्पष्ट, भटजींच्या कानातली भिकबाळीसुद्धा स्पष्ट. कन्यादानाच्या त्या एका फोटोत दोन माणसं हललेली आहेत. एक बसलेला, एक त्याच्या शेजारी पाटावर. नवराबायकोचा लग्नानंतरचा एकत्र फोटो हा एवढाच.

दुर्बीण अजून गच्चीवर असते. बादल्याही ते अजून रोज वर नेतात, आणि मी फोडणी त्यांच्या वेळेबाहेर टाकते. अल्बममधला तो फोटो त्यांनी मोठा करून स्टुडिओत दर्शनी भिंतीवर लावलाय. गिऱ्हाइकं खुर्चीत बसतात, समोर पाहतात आणि हमखास म्हणतात, भाऊ, हा तर हललाय की.

गजूभाऊ कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणतात, "हो. थो राहू द्या."