तरंगणारं लिंबू

हिरामण नाना बाजारात लिंबू घेताना दाबून बघत नाहीत की वास घेत नाहीत. घरून आणलेल्या पाण्याच्या डब्यात टाकून बघतात. तरंगलं तर घेतात, बुडालं तर परत टोपलीत ठेवतात. भाजीवालीने एकदा वैतागून विचारलं, "नाना, सरबत करानं शे का त्याले पोहाले शिकाडानं शे?" नाना शांतपणे म्हणाले, "कामले लावानं शे."

नाना धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीशेजारी एकटे राहतात. पालिकेत गटारांचे मुकादम होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी अजून गटारांना कोणी कळवलेली दिसत नाही. रस्त्याने जाताना आपण माणसं बघतो, नाना गटारांवरचे ढापे बघतात. एखाद्या ढाप्यावर टाच आपटतात, कान देतात आणि "पोकळ वाजस, गाळ नही" असं म्हणून खुशीत पुढे जातात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या दारासमोर तीन नंबरचं चेंबर आहे म्हणून मी त्यांच्या लेखी कायमचा 'तीन नंबर'.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "पानी वाट इसरत नही." लग्न, निवडणूक, कुणाचा गुडघा, विषय कोणताही असो, नाना ते वाक्य तिथे बसवतात. माझ्या पुतण्यासाठी जामनेरला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारे म्हणून त्यांना सोबत नेलं होतं. मुलीने पाणी आणून दिलं. नानांनी पेला घेतला, उठले, ओट्यावर गेले आणि सगळं पाणी फरशीवर ओतलं. पाणी सरळ उंबऱ्याकडे आलं. "पोरगी चांगली शे," नाना मुलीच्या बापाला म्हणाले, "पन ओटाना उतार घरकडे शे. पानी वाट इसरत नही, भाऊ." बाप असा काही लाल झाला की आता चहा काही मिळत नाही, असं मला वाटलं. तरी लग्न जमलं. पहिल्याच पावसाळ्यात व्याह्यांच्या बैठकीत पाणी शिरलं आणि त्यांनी गवंडी बोलावण्याआधी नानांना फोन केला.

तर ती लिंबं. कॉलनीचं गटार टाकीपाशी सुरू होतं, माझ्या दारावरून जातं आणि अगदी खाली सुमन अक्कांच्या फाटकासमोरच्या जाळीपाशी संपतं. तिथून पुढे नाला. सुमन अक्का एकट्याच असतात. यजमान बाबूराव गेले, मुलगा सुरतेला. गेल्या उन्हाळ्यात त्यांना फाटकासमोर जाळीत अडकलेलं एक लिंबू सापडलं. त्यावर लाल पट्टा आणि त्याला काळा दोरा. दिवस शनिवार, त्यात अमावास्या. अक्कांनी चिमट्याने लिंबू उचललं, रॉकेल टाकून जाळलं आणि स्वतःवरून मिरच्या ओवाळून टाकल्या. दोन दिवसांनी दुसरं लिंबू. मग एकाच सकाळी दोन.

सातव्या लिंबाला अक्कांनी मारुतीच्या पारावर कॉलनीची बैठक बोलावली. नाना सोडून सगळे आले. मी सेक्रेटरी. ते पद मला कसं मिळालं ते विचारू नका, त्या दिवशी मी बैठकीला गेलो नव्हतो. अक्का म्हणाल्या, "कोनी तरी मना घरवर करनी करी राह्यनं. मी घर इकस आनि सुरतले जास." गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं. कुणी देवऋषी आणू म्हणालं, कुणी कॅमेरा लावू म्हणालं. शेवटी दोन्ही स्वस्तात व्हावं म्हणून पहाऱ्यावर मला बसवलं.

दुसऱ्याच दिवशी पाणी सुटायचं होतं, आणि लिंबं पाण्याच्या दिवशीच सापडत होती. सकाळी सहाला मी गटाराच्या कडेने वर टाकीपाशी गेलो, तर नाना पहिल्या चेंबरवर उकिडवे बसलेले. शेजारी डबा, हातात लिंबू, ओठांत काळा दोरा.

"काय करी राह्यनात नाना?"

"गटारनी नाडी पाही राह्यनू," त्यांनी दोरा बांधत सांगितलं. लिंबू इथून सोडायचं आणि खाली जाळीत आलं की गटार मोकळं. काळ्या पाण्यात दिसावं म्हणून ऑइलपेंटचा लाल पट्टा, काठीने ओढून काढता यावं म्हणून दोरा. पण सध्या ते मोठ्या काळजीत होते. गुडघ्यांमुळे खाली पोचायला वेळ लागतो, आणि पोचून बघतात तर जाळीत लिंबू नाही. "कोठे तरी पाइप गियी राह्यना, तीन नंबर. सात लिंबं गियात." मधेच पाइप लिंबं गिळतोय असं समजून ते जास्त लिंबं सोडत होते.

मी पोट धरून हसलो आणि वरपासून खालपर्यंत सगळा प्रकार सांगितला. मिरच्यांपाशी नानाही हसले. अक्का घर विकताहेत म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला आणि हातातलं लिंबू त्यांनी परत डब्यात टाकलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. तो खालचा प्लॉट घ्यावा की नाही, हे बाबूरावांनी नानांनाच विचारलं होतं. नानांनी तिथे तांब्याभर पाणी ओतून बघितलं आणि छातीठोक सांगितलं, "ली टाका, आठे पानी येत नही." तिसऱ्या पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी. वर्षाचे गहू, बिबड्या-पापडांचे डबे आणि बाबूरावांची भजनाची पेटी, सगळं गेलं. तिथे पूर्वी ओढा होता, तो बुजवून प्लॉट पाडले होते, आणि मुकादम असून नानांनी ते कुणाला विचारलं नव्हतं. फुगलेली पेटी मांडीवर घेऊन बाबूराव हसले आणि म्हणाले, "जाऊ दे हिरामण. पानी वाट इसरत नही."

म्हणजे ते वाक्य नानांचं नव्हतंच. इतकी वर्षं आम्ही ज्याची नक्कल करून हसत होतो, ते एका मित्राने दिलेली माफी होती. मला माझीच लाज वाटली.

"अक्काले सांगानं पडी," नाना म्हणाले, आणि आम्ही खाली निघालो. रस्त्यात त्यांनी एकाही ढाप्यावर टाच आपटली नाही.

अक्कांच्या ओट्यावर नानांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. लिंबांचं आधी, प्लॉटचं नंतर. अक्कांनी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं. मग म्हणाल्या, "प्लॉटनं त्यासनी माले तवयच सांगेल व्हतं. आनि सांगं, हिरामणले काही बोलू नको, तो आधीच अर्धा व्हयी जायेल शे." डोळ्याला पदर लावून त्या आत गेल्या आणि चहा घेऊन बाहेर आल्या. पेला नानांच्या हातात देताना मात्र आवाज चढला. "पन लिंबू सोडाना आधी फोन कराले काय व्हयनं? सात लिंबंस्नं लोनचं व्हतं."

गिऱ्हाईक परत गेलं. सुरतेचा बेतही राहिला.

आता पाणी सुटलं की अक्का फाटकात स्टूल टाकून बसतात. लिंबू जाळीत आलं की स्टीलची थाळी वाजवतात. नानांना खाली उतरावं लागत नाही. परवा मी वर त्यांच्यासोबत होतो. लिंबू सोडलं, आम्ही वाट बघत उभे राहिलो, आणि खालून थाळीचा आवाज आला.

"नाना, पोचलं," मी म्हणालो.

नाना उजवा कान खाली करून तसेच उभे होते. थाळी थांबली तरी हलले नाहीत. मग डब्याकडे हात करून म्हणाले, "आखो एक सोड."

गटार मोकळं आहे हे पहिल्याच लिंबाने कळलं होतं. तरी मी डब्यातून चांगलं तरंगणारं एक निवडलं, दोरा बांधला आणि सोडून दिलं.